संगणकीय मुखत्यार आणि साधनांची वर्णने

चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात ओरगडम नावाचे गाव आहे. वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा आणि श्रीपेरुंबुदूरहून सिंगपेरुमाळकोयिलकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांना छेदतात. या चौकाच्या आसपास सिपकॉट या तमिळनाडू शासनाच्या महामंडळाने औद्योगिक वसाहत उभारली आणि मोटार-उद्योगाने येथे मुक्काम केला. २०१० साली रेनो आणि निस्सान यांचा मोटारींचा कारखाना, २०१२ साली डेमलरचा मालमोटारींचा आणि २०१३ साली रॉयल एनफील्डचा मोटारसायकलींचा कारखाना येथे सुरू झाला. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था वाहनांच्या ज्या प्रकारच्या चाचण्या घेते, तशा चाचण्या घेणारे केंद्रही ओरगडमला आहे. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने अशा वसाहतीत असतातच.

अशाच एका लहान कारखान्याची आपण कल्पना करू. त्याच्या गोदामात ब्रेकच्या पट्ट्या, रबरी कड्या, बोल्ट यांच्या हजारो पेट्या आहेत. त्यांचा हिशेब संगणकात आहे; पण त्या हिशेबाचा अर्थ भांडारपालाच्या डोक्यात आहे. एक पुरवठादार पेटीत पन्नास नग भरतो, दुसरा चाळीस. एका भागाचा जुना क्रमांक अजून पावत्यांवर येतो. शुक्रवारी दुपारनंतर नोंदविलेली मागणी सोमवारीच निघते. हे सारे त्याला ठाऊक आहे. नवा कारकून अडला, की तो उठून त्याच्याकडे जातो आणि विचारतो, “अण्णा, पेट्या की नग?” प्रश्नाचे उत्तर मिळते आणि काम पुढे सरकते.

या कारकुनाच्या जागी यंत्र बसले, तर ते कोणाला विचारील? प्रस्तुत प्रकरणाचा विषय हा प्रश्न आहे.

मुखत्यार म्हणजे काय

भाषा समजून घेऊन उत्तर देणाऱ्या संगणकीय प्रतिमानांचा परिचय आता बहुतेक वाचकांना झालेला आहे. असे प्रतिमान केवळ उत्तर देऊन थांबत नाही, तर दिलेला हेतू सिद्धीस नेण्यासाठी स्वतः एकामागून एक कृती करते, तेव्हा त्याला एजंट म्हणतात. आपल्या जुन्या व्यवहारातील मुखत्यार हा शब्द त्याला चांगला लागू पडतो. मुखत्यार मालकाच्या वतीने काम करतो. त्याने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक ठरतो. म्हणूनच मुखत्यारपत्रात त्याने काय करावे आणि काय करू नये, हे स्पष्ट लिहिण्याची पद्धत पडली.

संगणकीय मुखत्याराला हात नसतात. साठा पाहणे, मागणी नोंदविणे, पत्र पाठविणे ही कामे वेगवेगळ्या आज्ञावली करतात. त्यांना आपण येथे साधने म्हणू. प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी, एवढा मजकूर प्रतिमानाला कामाच्या आरंभी वाचावयास देतात. कोणते साधन वापरावयाचे हे प्रतिमान या मजकुरावरून ठरविते आणि ठरलेल्या नमुन्यात विनंती लिहिते. ती विनंती दुसरीच आज्ञावली प्रत्यक्षात आणते आणि निष्पत्ती पुन्हा मजकुराच्या रूपाने प्रतिमानापुढे ठेवते. ती वाचून प्रतिमान पुढचे पाऊल टाकते. जून २०२३ मध्ये ओपनएआय या संस्थेने आपल्या प्रतिमानांसाठी अशी सोय खुली केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या संस्थेने साधने आणि प्रतिमाने यांना जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हा सामाईक संकेत प्रसिद्ध केला. त्यामुळे एकाने लिहिलेले साधन दुसऱ्याच्या मुखत्यारास वापरता येऊ लागले.

या रचनेत एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. सर्वसाधारणपणे साधनाच्या पोटात काय आहे, हे मुखत्याराला दिसत नाही. त्याला दिसते ते केवळ वर्णन. गोदामातील वास, पेटीचे वजन, भांडारपालाच्या कपाळावरची आठी, यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जे पानावर लिहिले नाही, ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. आणि जे संदिग्ध लिहिले आहे, त्याचा अर्थ तो स्वतःच्या अंदाजाने लावतो.

एक वाईट वर्णन

आपल्या कल्पित कारखान्यात प्रथम पुढील वर्णन लिहिले गेले, असे समजू.

नाव: साठा.
वर्णन: साठ्याची माहिती हाताळते.
आदान: भाग, संख्या, दिनांक.

लिहिणाऱ्याला यात काही उणे वाटले नाही, कारण त्याला साधन माहीत होते. आता मुखत्याराच्या जागी बसून हे वाचू. ‘हाताळते’ म्हणजे केवळ पाहते, की बदलते? ‘भाग’ म्हणजे भागाचे नाव, की क्रमांक. आणि क्रमांक कोणाचा, कारखान्याचा की पुरवठादाराचा? ‘संख्या’ नगांची, की पेट्यांची? दिनांक ०४-०५ असा लिहिला, तर तो चार मे समजावा की पाच एप्रिल?

“ब्रेकच्या पट्ट्या कमी पडत असतील तर चारशे मागवा,” असे व्यवस्थापकाने सांगितले. मुखत्याराने संख्येच्या जागी ४०० लिहिले. साधन पेट्या मोजणारे होते आणि पेटीत ५० नग होते. मागणी गेली २०,००० नगांची. लहान कारखान्याचे खेळते भांडवल एका दुपारी अडकून पडावयास एवढे पुरे आहे. मुखत्याराने आज्ञा मोडली नाही, साधन बिघडले नाही, व्यवस्थापकाचे बोलणेही चुकले नाही. तिघांच्या मधले पान तेवढे अपुरे होते.

मापे आणि परिमाणे

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यामागील चूक फार जुनी आहे. ब्रिटिश अमदानीत मद्रासचा मण सुमारे ११.३ किलोग्रॅमचा, मुंबईचा सुमारे १२.७ किलोग्रॅमचा आणि बंगालचा सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता. ‘शंभर मण’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी कलकत्त्याहून मद्रासला गेली, तर वाचणाऱ्याने किती माल समजावयाचा? गावातल्या गावात जो शब्द पुरेसा असतो, तो गावाची वेस ओलांडताच अपुरा होतो. भारताने १९५६ साली मानक मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली, त्यामागे ही अडचणही होती.

मापे बदलण्याच्या संधिकाळात काय घडू शकते, हे २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात दिसले. एअर कॅनडाचे एक बोईंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. विमानातील इंधनमापक बिघडला होता, म्हणून टाक्यांमधील इंधन पट्टीने मोजून हिशेब केला गेला. विमानाला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लिटरचे वजन काढण्यासाठी वापरलेला १.७७ हा गुणक मात्र पौंडांचा होता. परिणामी विमानात २२,३०० पौंड, म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. सुमारे ४१,००० फूट उंचीवर ते संपत आले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी असाधारण कौशल्याने विमान तरंगत गिम्ली येथील जुन्या हवाई तळावर उतरविले आणि आतील सर्व ६९ जण वाचले. त्या कागदावर १.७७ या आकड्याशेजारी ‘पौंड प्रतिलिटर’ असे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आले असते, तर ही पाळी बहुधा आली नसती.

तेव्हा साधनाच्या वर्णनाचा पहिला नियम असा सांगता येईल की, प्रत्येक आकड्याचे परिमाण त्या आकड्याजवळच लिहावे. ‘संख्या’ असे नाव देण्याऐवजी ‘सुट्या_नगांची_संख्या’ असे नाव द्यावे. दिनांकाचा नमुना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने ठरवून द्यावा आणि त्याचे एक उदाहरण लिहावे. थोडक्या निश्चित पर्यायांतूनच निवड करावयाची असेल, तर ते सर्व पर्याय मोजून द्यावेत.

सुधारलेले वर्णन

आता तेच साधन पुन्हा लिहून पाहू. प्रथम त्याचे दोन भाग करणे इष्ट आहे. कारण पाहणे आणि बदलणे या दोन कृतींची जोखीम अगदी निराळी आहे.

नाव: साठा_पहा.
काय करते: एका भागाचे गोदामात आज किती नग शिल्लक आहेत, ते सांगते. कोणत्याही नोंदीत बदल करीत नाही.
केव्हा वापरावे: मागणी नोंदविण्यापूर्वी, तसेच शिल्लक विचारली गेल्यास.
केव्हा वापरू नये: वाटेत असलेल्या मालासाठी. त्यासाठी ‘येणारा_माल_पहा’ हे साधन आहे.
आदान: भाग_क्रमांक. कारखान्याचा आठ अंकी क्रमांक, पेटीवरील पट्टीवर छापलेला, उदाहरणार्थ ४०२१७७३५. पावतीवरील पुरवठादाराचा क्रमांक येथे चालत नाही.
निष्पत्ती: शिल्लक, सुट्या नगांत, आणि शेवटच्या मोजणीचा दिवस व वेळ.

नाव: खरेदी_मागणी_नोंदवा.
काय करते: एका भागाची मागणी पुरवठादाराकडे तत्काळ पाठविते. पाठविलेली मागणी मागे घेता येत नाही.
केव्हा वापरावे: शिल्लक पाहिल्यानंतर आणि खरेदी करण्याची स्पष्ट सूचना असेल तेव्हाच.
आदान: भाग_क्रमांक, वरीलप्रमाणे; सुट्या_नगांची_संख्या; मागणी_खूण, म्हणजे या मागणीसाठी एकदाच योजलेली खूण.
निष्पत्ती: नोंदलेल्या मागणीचा क्रमांक, सुटे नग, पेट्या आणि एकूण रक्कम रुपयांत.

यातील काही ओळींचे विवेचन करणे अवश्य आहे. ‘केव्हा वापरू नये’ ही ओळ बहुधा लिहिली जात नाही, कारण लेखकाला आपल्या साधनाचे गुण सांगण्याची हौस असते. पण मुखत्यारापुढे एकच साधन नसते. कधी कधी दहा-वीस असतात आणि त्यांतील दोन-तीन एकमेकांसारखी दिसतात. त्यांच्यातील सीमारेषा ज्याने आखावयाची, तो लेखकच होय. साधनांची गर्दी वाढली की निवड चुकण्याचा संभव वाढतो, आणि सर्व वर्णने वाचण्यात प्रतिमानाची मर्यादित वाचनजागाही खर्ची पडते. म्हणून क्वचित लागणारी साधने मुखत्यारापुढे मांडूच नयेत.

‘मागणी_खूण’ का हवी, हे नव्या वाचकाच्या चटकन ध्यानात येणार नाही. मागणी पाठविल्यानंतर तारायंत्रणेत बिघाड होऊन उत्तर आलेच नाही, असे समजा. मागणी पोहोचली की नाही, हे मुखत्याराला कळावयास मार्ग नाही. तो पुन्हा पाठवितो आणि एकाच गरजेपोटी दोन मागण्या जातात. दोन्ही वेळी तीच खूण जोडलेली असेल, तर साधन दुसरी विनंती ओळखते आणि नवी मागणी न करता पहिलीचाच क्रमांक परत देते. विनंती पुन्हा केल्यास काय होईल, हे नोंद बदलणाऱ्या प्रत्येक साधनाच्या वर्णनात असले पाहिजे.

नियमाचे कारण

नियमाबरोबर त्याचे कारणही लिहावे की नाही, याविषयी मतभेद आढळतो. कारणे लिहिल्याने मजकूर लांबतो, हे खरे आहे. तथापि अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’चे उदाहरण येथे आठवते. आरमारासाठी लाकूड लागते. पण आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू देऊ नये, अशी आज्ञा त्यात आहे. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत, रयतेने ती लेकराप्रमाणे दीर्घकाळ वाढविलेली असतात, असे कारणही तेथे दिलेले आहे. हे कारण वाचलेला अधिकारी आज्ञेत नाव नसलेल्या झाडापुढे उभा राहिला, तरी काय करावे हे त्याला ठरविता येते.

भाषा-प्रतिमानाच्या बाबतीतही असाच अनुभव येतो. ‘शुक्रवारी दुपारनंतर तातडीची मागणी नोंदवू नये’ एवढेच लिहिले, तर दीपावलीच्या आदल्या दिवशी काय करावे, हे त्याला सुचणार नाही. ‘कारण पुरवठादाराचे गोदाम सुटीच्या आदल्या दिवशी दुपारी बंद होते’ असे जोडले, की त्याला दीपावलीचेही उत्तर मिळते. एका वाक्याचा हा खर्च वाया जात नाही.

चूक झाली तर काय सांगावे

साधन नेहमी यशस्वी होतेच असे नाही. अपयश आले असता ते काय बोलते, हाही वर्णनाचाच भाग मानला पाहिजे. थेरॅक-२५ नावाचे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र १९८५ ते १९८७ या काळात कॅनडा व अमेरिकेतील रुग्णालयांत वापरात असताना सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा मिळाली. त्यांतील किमान तिघे त्यामुळे मृत्यू पावले. यंत्राच्या पडद्यावर ‘बिघाड’ हा शब्द आणि एक क्रमांक एवढेच उमटत असे. टेक्सासमधील घटनेत तो क्रमांक ५४ होता. चालकांना दिलेल्या पुस्तिकेत या क्रमांकांचा अर्थ दिलेला नव्हता. असे संदेश रोज अनेकदा येत आणि एक कळ दाबली की यंत्र पुढे चालू होई. त्यामुळे ती कळ दाबण्याची सवय चालकांना लागून गेली होती.

मुखत्याराला ‘त्रुटी ५४’ एवढेच कळविले, तर तोही हेच करील. पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत राहील. त्याऐवजी साधनाने असे म्हणावे: ‘हा क्रमांक पुरवठादाराचा दिसतो. कारखान्याचा आठ अंकी क्रमांक द्या. तो “भाग_शोधा” या साधनाने मिळेल.’ किंवा: ‘या महिन्याची खरेदीमर्यादा संपली आहे. पुन्हा प्रयत्न करू नका; व्यवस्थापकाला कळवा.’ काय झाले, का झाले आणि आता काय करावे, या तीन गोष्टी प्रत्येक त्रुटिसंदेशात असाव्यात. पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे की नाही, हे तर त्यात आलेच पाहिजे.

थेरॅक-२५ ची आणखी एक शिकवण आहे. त्याच्या आधीच्या यंत्रांत मात्रा वाढू न देणारे स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ते काढून आज्ञावलीवरच विसंबले गेले. वर्णन कितीही उत्तम असले, तरी त्याला अडसराची जागा घेता येत नाही. ‘मोठी मागणी करू नये’ असे लिहून न थांबता, ठरावीक रकमेपुढची मागणी माणसाच्या संमतीवाचून साधनाने पुढे पाठवूच नये, अशी रचना करणे अगत्याचे आहे. हीच सावधगिरी बाहेरून आलेल्या मजकुराविषयी बाळगावी. पुरवठादाराच्या पत्रात ‘ही मागणी दुप्पट करा’ असे कोणी लिहिले, तर ते वाक्य माहिती म्हणून वाचावे, मालकाची आज्ञा म्हणून नव्हे. काही मुखत्यार अशा वाक्याला बळी पडतात. म्हणून अडसर हवा.

पान आणि साधन यांचा मेळ

वर्णन चांगले आणि साधन त्याच्याशी विसंगत, अशी स्थितीही संभवते. ११ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकेने मंगळाकडे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सोडले. त्याच्या लहान इंजिनांनी दिलेला रेटा न्यूटन-सेकंदांत कळवावा, असे दोन आज्ञावलींमधील देवाणघेवाणीच्या दस्तऐवजात लिहिलेले होते. पृथ्वीवरील एक आज्ञावली मात्र तो पौंड-सेकंदांत देत राहिली. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. मार्गाचा हिशेब हळूहळू चुकत गेला आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी, मंगळाजवळ पोहोचताच, यान हातचे गेले. येथे पान निर्दोष होते. त्याप्रमाणे साधन चालते की नाही, हे कोणी पुरेसे पडताळले नव्हते.

यावरून असे म्हणता येते की, साधनात बदल करणाऱ्याने त्याच बैठकीत वर्णनही बदलले पाहिजे. वर्णनात दिलेले प्रत्येक उदाहरण अधूनमधून साधनावर चालवून पाहावे आणि निष्पत्ती जुळते का ते तपासावे. साधनाचे ज्ञात दोष लपवू नयेत. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली युनिक्स प्रणालीची पहिली पुस्तिका सिद्ध केली. तिच्यात प्रत्येक साधनाचे नाव, वापरण्याची रीत आणि वर्णन यांबरोबर ‘दोष’ असेही एक कलम ठेवलेले होते. साधन कोठे चुकते, हे त्याच्या कर्त्यानेच सांगण्याची ही प्रथा आजही अनुकरणीय आहे.

परीक्षा कशी घ्यावी

लिहून झालेले वर्णन पुरेसे आहे की नाही, हे लेखकाला स्वतःला कळत नाही. त्याच्या डोक्यातील ज्ञान नकळत पानावरच्या फटी बुजवीत जाते. म्हणून दोन परीक्षा घ्याव्यात. पहिली परीक्षा माणसाकडून. ते पान दुसऱ्या विभागातील एखाद्या कर्मचाऱ्याला द्यावे, त्याला एक काम सांगावे आणि आपण गप्प बसावे. तो जो पहिला प्रश्न विचारील, त्याचे उत्तर पानात घालावे. ओरगडमसारख्या ठिकाणी, जेथे तमिळ भाषकांबरोबर परप्रांतांतून आलेले कामगारही असतात, ही परीक्षा विशेष उपयोगी पडते. एकाच भागाला तीन बोलींत तीन नावे आहेत, हे तेव्हा उघड होते; आणि ती तिन्ही नावे ‘भाग_शोधा’च्या वर्णनात नोंदविता येतात.

दुसरी परीक्षा मुखत्याराकडून घ्यावी. कारखान्यात खरोखर घडलेली वीस-पंचवीस कामे निवडावीत, खऱ्या गोदामाऐवजी नोंदींची नक्कल वापरावी आणि त्याने केलेल्या विनंत्या एकेक करून वाचाव्यात. त्याने भलते साधन निवडले, तर नावे व सीमारेषा तपासाव्यात. आदान चुकले, तर परिमाण आणि उदाहरण पाहावे. तोच प्रयत्न पुन्हा पुन्हा केला, तर त्रुटिसंदेश वाचावा. सर्वच चुका पानामुळे होत नाहीत, प्रतिमानही चुकते. पण दोष देण्यापूर्वी पान पुन्हा वाचण्याची सवय ठेवावी. दुरुस्ती केल्यानंतर सर्व कामे पुन्हा करवून घ्यावीत, कारण एका ओळीची दुरुस्ती दुसऱ्या ठिकाणी नवा घोटाळा करू शकते.

आपल्या कल्पित कारखान्यात ही परीक्षा होत असताना भांडारपालाला शेजारी बसविले पाहिजे. पेटीत पन्नास नग कोण भरतो आणि चाळीस कोण, जुना क्रमांक कोणत्या भागाचा, शुक्रवारी काय होते, हे त्याच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. त्याचे हे ज्ञान आजवर कोणी लिहून घेतले नव्हते, कारण विचारण्यासाठी तो रोज जागेवर हजर असे. मुखत्यारासाठी म्हणून लिहिलेले ते पान पुढे त्याच गोदामात रुजू होणाऱ्या नव्या कारकुनालाही वाचता येईल. त्यावर भांडारपालाचे नाव घालावे आणि काही बदलले असता पहिली विचारणा त्याच्याकडे व्हावी, अशी व्यवस्था ठेवावी.